सुकेळी खाल्लेले संपादक

वसईच्या कोर्टात वकिली करताना माझं अर्धं आयुष्य ‘मी’ हा शब्द लिहिण्यात गेलं. ‘मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...’ यातला मी कधी उमेळ्याचा केळीवाला असतो, कधी एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी, कधी सासऱ्याला नोटीस पाठवणारी सून. मी स्वतः त्या कागदावर असतो तो शेवटी, कोपऱ्यात, ‘वादीतर्फे वकील’ या शब्दांखाली, रबरी शिक्क्यात. तोही तिरका, कारण शिक्का मारायच्या वेळी मला कायम घाई असते.

पन्नाशी उलटल्यावर मला वाटायला लागलं की एकदा तरी काहीतरी छापून यावं, ज्याच्या वर मधोमध आपलं नाव असेल. आणि सरळ असेल. निमित्त झालं बाररूममधल्या एका तरुण वकिलाचं. त्याचा लेख एका लॉ जर्नलमध्ये आला होता आणि तो अंक त्याने टेबलावर असा उघडून ठेवला होता की आम्हाला चहाचे कप ठेवायला जागा राहू नये. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. कळलं की हे जर्नल मुंबईतल्या एका लॉ कॉलेजचे विद्यार्थी चालवतात. लेख तेच निवडतात, तेच तपासतात, तेच छापतात. मला बरं वाटलं. पोरं आहेत, म्हटलं, आपल्या अनुभवापुढे काय टिकणार. हे मी मनातल्या मनात म्हटलं, तेवढंच नशीब.

विषय माझ्याकडे तयार होता. अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागून एक मोकळी जागा आहे. पावसाळा सरला की तिथल्या कोळणी त्या जागेत बांबू रोवतात, दोऱ्या ताणतात आणि त्यांवर बोंबील वाळत घालतात. जागा त्यांची नाही, पण त्यांच्या आज्याही तिथेच बोंबील घालायच्या. जागामालकाने कुंपण घालायला काढलं तेव्हा या बायकांच्या बाजूने दावा मी चालवला होता. तो निकालापर्यंत गेलाच नाही. तडजोड झाली, कुंपण मागे सरलं, बोंबील वाळत राहिले. पण दुसऱ्याच्या जमिनीवर मासळी वाळवायचा रूढीचा हक्क कायद्यात नेमका कुठे बसतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहून गेला होता. लेख त्याच्यावर लिहायचा ठरवला.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो बैठक मारून लिहिला. इंग्रजीत, आणि माझ्या मते अतिशय विद्वत्तापूर्ण. बायकोला वाचायला दिला. ती विरारच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि हातात लाल पेन नसलं तरी असल्यासारखं वाचते. तिने पहिलं पान वाचलं, शेवटचं पान वाचलं आणि विचारलं, हा लेख आहे की दावा.

प्रश्न रास्त होता. प्रत्येक परिच्छेदाला मी क्रमांक दिला होता. सुरुवात ‘लेखक नम्रपणे निवेदन करतो की’ अशी होती. शेवटी ‘सबब विनंती’ होती, आणि तीत वाचकांनी लेखकाच्या बाजूने मत बनवावं, तसंच न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटेल ती इतर दादही द्यावी, असं मागितलं होतं. मधल्या पानांत मी वकिलाला शोभेल अशी सगळी दारं उघडी ठेवली होती. ही वहिवाट पुरातन आहे. पुरातन नाही असं ठरलं, तर ती मालकाच्या संमतीने आहे. संमतीही नाही असं ठरलं, तर जागा मुळात मालकाची नाहीच.

“म्हणजे तुमचं म्हणणं यातलं कोणतं?” बायको म्हणाली.

“तिन्ही.”

“एकाच वेळी?”

“पर्यायाने.”

“नववीतल्या पोराने असं उत्तर लिहिलं तर मी त्याला शून्य देते.”

मी क्रमांक काढले, विनंती काढली आणि मन घट्ट करून एकच म्हणणं ठेवलं: वहिवाट पुरातन आहे. दोन दारं स्वतःच्या हाताने बंद करताना मला स्वतःलाच कोंडून घेतल्यासारखं वाटत होतं, पण केली.

मग जर्नलचे नियम वाचले. खरं तर ते आधी वाचायचे असतात. त्यांत लिहिलं होतं की लेखात लेखकाचं नाव कुठेही नको. लेख कोणाचा आहे हे वाचणाऱ्या संपादकांना कळता कामा नये, म्हणजे ते नाव बघून नाही, मजकूर बघून ठरवतील. ज्या नावासाठी हा सगळा खटाटोप, तेच आधी पुसायचं. नाइलाजाने पुसलं आणि लेख पाठवला.

चार दिवसांत परत आला. तळटिपांमधून लेखकाची ओळख उघड होते, असं त्यांनी सभ्यपणे कळवलं होतं. बरोबरच होतं, कारण जिथे तिथे मी ‘प्रस्तुत लेखकाने वसई येथे चालवलेल्या दाव्यात’ असं ठोकून दिलं होतं. मी ते बदलून ‘वसईतील एका अभ्यासू व अनुभवी विधिज्ञाने चालवलेल्या दाव्यात’ असं केलं. बायकोने ‘अभ्यासू’वर बोट ठेवलं. मी म्हटलं, नाव कुठे आहे त्यात. ती म्हणाली, नाव नसलं तरी तालुक्यात तुम्हाला असं म्हणणारा माणूस एकच आहे. मग फक्त ‘एका वकिलाने’ राहिलं.

लेख पुन्हा गेला आणि त्यानंतर सगळं शांत. महिना गेला, दुसरा गेला. कोर्टातल्या माणसाला शांतता सहन होत नाही. आम्हाला कशाचाही निकाल लागला नाही तरी चालतं, पण पुढची तारीख लागते. तारीख मिळाली की माणूस निवांत झोपतो. इथे तारीखच नव्हती. बायको म्हणाली, थांबा, कळवतील. ती परीक्षेचे पेपर तपासणारी, तिला दुसऱ्याला थांबवायची सवय. मला वाटलं, प्रत्यक्ष जाऊन हसून विचारलं तर कोण नाही सांगणार, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते.

आणि रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नाही, हे तर आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं. आमच्या इमारतीमागे उमेळ्यातली एक केळीची वाडी अजून शिल्लक आहे. तिचा मालक उन्हात वाळवलेली केळी, म्हणजे आमची सुकेळी, घरी करतो. पिकल्या राजेळी जातीच्या केळ्यांची, मधासारखी, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली. ती मी मोठा पुडा भरून घेतली आणि कोर्टाला सुट्टी होती त्या दिवशी मुंबई गाठली.

जर्नलची खोली कॉलेजच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला होती. आत सात-आठ मुलंमुली लॅपटॉप उघडून बसलेली. दुपारची वेळ, डबे संपलेले, सगळ्यांचे चेहरे काहीतरी गोड मिळालं तर बरं असे. मी दारातून म्हटलं, वसईहून आलोय, आणि पुडा सोडला. मला वाटतं त्यांना मी कोणाचा तरी बाबा वाटलो. सुकेळी त्यांतल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिली होती. मी कौतुकाने सांगितलं की राजेळीच का लागते, साल कधी काढायची, रात्री आत का घ्यायची. एका मुलाने दोन घेतल्या. केसांना मोठी क्लिप लावलेली एक मुलगी, जी मुख्य संपादक निघाली, तिने बोटं पुसली आणि विचारलं, “काका, तुम्ही कोणाकडे आलात?”

मी म्हटलं, तुमच्याकडेच. मग मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, जसं कोर्टात सांगतात. आणि मग लेखाचं शीर्षक.

खोलीतलं चावणं थांबलं.

मुख्य संपादकाने डोळे मिटले. ती चिडली नाही, आवाजही चढवला नाही. निकाल वाचताना काही न्यायाधीश जितके हळू बोलतात तितक्या हळू बोलली. “सर, तो लेख आमच्याच टेबलावर आहे. आम्ही तो वाचत होतो. कोणाचा आहे ते आम्हाला माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, आता कळलं ना.

“तेच,” ती म्हणाली. “आता आमच्यातलं कोणीच तो वाचू शकत नाही.”

काका जाऊन सर आले होते, त्यावरूनच मला समजायला हवं होतं. लेखक माहीत झाला की तो संपादक त्या लेखापुरता बाद, हा त्यांचा नियम. मी एका पुड्यात अख्खं संपादक मंडळ बाद केलं होतं. दोन घेतलेला मुलगा हळूच म्हणाला, “मी दुसरी अजून गिळली नाहीये. मी चालेन का?” कोणी हसलं नाही. मीच हसलो, आणि ते फारच वाईट दिसलं.

मी विचारलं, मग लेखाचं काय. ती म्हणाली की या अंकासाठी दोन संपादकांनी वाचायला हवा, आणि आज न आलेले दोघंच आहेत. एक मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याच्या स्पर्धेसाठी नागपूरला गेलाय, आणि एकीला कांजिण्या झाल्यात. त्या दोघांना आम्ही यातलं काही सांगणार नाही. तुम्हीही कृपा करून काही करू नका. “काही म्हणजे काहीच,” असं ती पुन्हा म्हणाली. मी उठलो. दारातून वळून विचारलं, उरलेली सुकेळी इथेच ठेवू का. म्हणाली, ठेवा सर, आता काय फरक पडतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, “लोक काम व्हावं म्हणून काहीतरी नेतात. तुम्ही स्वतःच्या खर्चाने काम मोडून आलात.” मग तिला हसू आलं ते आवरेना, आणि जेवताना मध्येच पुन्हा यायचं.

मी मात्र त्या दिवसांत दोन अनोळखी पोरांच्या तब्येतीची काळजी वाहत होतो. नागपूरचा मुलगा हरू नये, जिंकूही नये, मधल्या फेरीत बाहेर पडून वेळेवर घरी यावा. कांजिण्यांची मुलगी बरी व्हावी, पण कॉलेजला जाऊन मैत्रिणींशी गप्पा मारण्याइतकी नको. माझं नाव सरळ छापलं जाणं आता या दोघांवर होतं.

शेवटी उत्तर आलं. लेख स्वीकारला होता, एका अटीवर: शंकांची उत्तरं पटायला हवीत. सोबत त्या शंकांची लांबलचक फाइल होती, कांजिण्यांच्या मुलीने काढलेली. कांजिण्या झालेल्या माणसाला खोलीबाहेर जाता येत नाही, खाजवता येत नाही आणि वेळ तर घालवायचा असतो. तिने माझ्या एकेका तळटिपेची साल काढली होती. अमुक निकालाचं पान चुकलंय. तमुक कलम त्या अर्थाने नाही. बहुतेक शंकांची उत्तरं मी आठवड्यात दिली. एक मात्र अडून बसली. लेखाचा सगळा भार ज्या वाक्यावर होता ते, म्हणजे या जागेत तीन पिढ्या बोंबील वाळत आलेत, त्याला पुरावा म्हणून मी खाली लिहिलं होतं: ‘हे सर्वांना ठाऊक आहे.’ तिने समोर लिहिलं होतं: ‘सर्वांना म्हणजे कोणाला?’ आणि पुढे, याला आधार मिळाला नाही तर लेख घेता येणार नाही.

दावा तडजोडीत मिटल्यामुळे साक्षी झाल्याच नव्हत्या. कागदावर काहीच नव्हतं. मी संपादकांना लिहून विचारलं, गावात जाऊन विचारून आलो तर चालेल का. उत्तर आलं, चालेल, मुलाखत म्हणून देता येईल. फक्त बोलणाऱ्याचं नाव द्यायचं नाही, ‘अर्नाळा येथील एक रहिवासी’ असं लिहायचं, म्हणजे त्यांना त्रास होणार नाही.

मी अर्नाळ्याला गेलो. दाव्यातली आमची मुख्य साक्षीदार होती ती मावशी दोऱ्यांखालीच बसली होती, पडलेले बोंबील टोपलीत भरत. मला बघून तिने आधी तडजोडीची आठवण काढली. कोर्टात तिला तीन वेळा बोलावलं होतं. तिन्ही वेळा ती ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत फूल घालून आली होती, आणि तिन्ही वेळा पुढची तारीख पडली होती. चौथ्या वेळी तडजोड झाली.

“तवा बोलवलास नि बोलू नाय दिलास,” ती म्हणाली. “आता कशाला आलास?”

मी म्हटलं, आता बोलायलाच आलोय. आणि ती बोलली. तिच्या आजीचा बांबू कुठे होता, आईचा कुठे, लग्न होऊन गेलेल्या बहिणीची जागा कोणी घेतली, कुठल्या वर्षी वादळाने सगळं झोपवलं आणि मालकाच्या बापानेच बांबू उभे करायला गडी दिले. मी लिहून घेत होतो. कोर्टात असती तर मी तिला मध्येच थांबवून म्हटलं असतं, विचारलं तेवढंच सांगा. इथे थांबवायचं कारण नव्हतं.

संपल्यावर मी तिला धीर द्यायला म्हटलं की मावशी, काळजी नको, तुझं नाव कुठेच येणार नाही.

तिचा हात टोपलीत थांबला. “का? मी काय चोरी केली?”

मी नियम समजावला. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “पुस्तकावर नाव कोनाचं हाय?”

मी म्हटलं, माझं.

“तू कदी बोंबील सुकवलास?”

याला कोर्टात मी हरकत घेतली असती. इथे मी पेनाला टोपण लावलं. नाव छापून यावं म्हणून मी काय काय केलं होतं ते मला माहीत होतं, आणि त्यातली सुकेळी तर मला झोपेतही आठवायची. ही बाई मागत होती ते तेच होतं. फक्त ती सरळ मागत होती.

तिथूनच मी जर्नलच्या पत्रावरच्या नंबरावर फोन लावला. लेख स्वीकारला गेल्यावर लपवाछपवी संपते, त्यामुळे आता बोलता येत होतं. फोन जिने उचलला ती शंका काढणारीच निघाली, कांजिण्यांतून नुकतीच उठलेली. मी सांगितलं की बाईला नाव हवंय. ती म्हणाली, नियम त्यांच्या भल्यासाठी आहे. मी म्हटलं, ते त्यांनाच सांगा, आणि फोन मावशीच्या हातात दिला.

दहा मिनिटं मला फोन परत मिळाला नाही. आधी नावाचं बोलणं झालं. मग मुलीचा आवाज बसलेला का म्हणून चौकशी झाली, मग कांजिण्यांचं कळलं, मग कडुलिंबाचा पाला पाण्यात किती घालायचा ते झालं, आणि डाग राहू नयेत म्हणून काय लावायचं तेही. मध्येच पुन्हा नावावर आलं. मावशीने स्वतःचं, नवऱ्याचं आणि आईचंही नाव सांगितलं, सावकाश, प्रत्येक शब्द मोकळा करून. साक्ष अशीच द्यायची असते, हे मी इतकी वर्षं पक्षकारांना सांगत आलोय आणि कोणी ऐकत नाही.

फोन माझ्याकडे आला तेव्हा ती मुलगी म्हणाली, “सर, त्या सही करून देणार असतील तर आम्ही नाव छापू.” मग म्हणाली, “आणि सर, सगळ्यांना सुकेळी मिळाली, मला नाही मिळाली.” म्हणजे लेख मंजूर झाल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं तर. नागपूरच्या मुलालाही सांगितलं असणार.

अंक आला तेव्हा माझं नाव वर मधोमध होतं, आणि सरळ होतं. मी तो घरच्या टेबलावर उघडून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, आता बंद करा, पान पिवळं पडेल. कांजिण्यांच्या मुलीला मी सुकेळी पाठवली, या वेळी पोस्टाने.

मग अंक घेऊन अर्नाळ्याला गेलो. मावशीला पान काढून दाखवलं. खाली, बारीक अक्षरांत, तळटिपेत तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आईचं नाव. तिने अंक डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, लेखाचं पहिलं पान काढून माझं नाव पाहिलं आणि पुन्हा तळटिपेवर आली.

“तुजं मोटं,” ती म्हणाली, “माजं बारीक.”

मी म्हटलं, मावशी, या लोकांच्यात रीतच अशी आहे, वरचं कोणी मानत नाही, खालचं बघितल्याशिवाय. माझा लेख छापला गेला तो तुझ्या या ओळीवर, ती नसती तर मी नसतो. तिने हे ऐकलं आणि मला ते वाचायला लावलं. मी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. शेजारच्या दोरीवरच्या बायका जवळ आल्या तेव्हा पुन्हा वाचायला लावलं, या वेळी फक्त खालचं. निघताना कागदात बांधून तिने मला सुके बोंबील दिले. मी नको म्हटलं नाही. माझा लेख आता कोणालाच वाचून ठरवायचा नव्हता.

हे जे आता लिहिलंय, त्यात मी कोणाचंच नाव घातलेलं नाही, माझंही नाही. मावशीला मात्र हे अजून सांगितलेलं नाही.